शिवणकाम, दुखणारी मान आणि ‘गॅप कमी’चा एक्स-रे: पट्टा किती दिवस लावावा?

सुईदोरा (मिरज)

नमस्कार. माझे वय ४४ असून गेली १७ वर्षे मी घरीच ब्लाउज शिवते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईची कामे सुरू होतात आणि ती ज्येष्ठापर्यंत पुरतात. यंदा त्या कामांबरोबर मानेचे दुखणेही मागे लागले असून त्याला आता तीन महिने होत आले आहेत.

दुखणे उजव्या बाजूला आहे. कवटीच्या खालपासून निघून ते खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेपर्यंत उतरते. सकाळी उठल्यावर मान आखडलेली असते, दुपारी थोडी सैल होते आणि संध्याकाळी फॉल लावायला बसले की पुन्हा ठणकू लागते. मशिनीवर बसण्यापेक्षा मांडीवर कापड घेऊन हूक, काजे आणि हातशिलाई करताना अधिक त्रास होतो, कारण त्या वेळी टाका दिसावा म्हणून मान अगदी छातीपर्यंत वाकते. शिवाय रात्री केव्हातरी उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते.

एक्स-रे काढला. त्यात पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली जागा कमी झाली आहे, हाडाला टोके फुटली आहेत आणि मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या, मानेला पट्टा लावायला सांगितले आणि शिवणकाम बंद करा असे सुचवले. गोळ्या होत्या तोवर बरे वाटले, पण काम बंद करणे मला परवडणारे नाही. शेजारच्या काकू एका गृहस्थांकडे चला म्हणून आग्रह करीत आहेत. ते मानेला एकच झटका देऊन ‘नस बसवतात’ म्हणे.

माझे प्रश्न असे: पट्टा किती दिवस लावावा? मणक्यातली गॅप पुन्हा भरून येते का? उशी घ्यावी की सोडावी? आणि काम न सोडता हे दुखणे आटोक्यात येऊ शकते का?

मानेची व्यायामचिकित्सा (फिजिओथेरपिस्ट)

ताई, प्रथम त्या एक्स-रेबद्दल लिहितो, कारण अहवालातील ‘गॅप’ हा शब्द वाचून घाबरलेली माणसे मला रोज भेटतात आणि घाबरलेला माणूस मान आणखी ताठ धरतो. मानेत सात मणके असतात आणि वरचे दोन सोडले तर प्रत्येक दोघांमध्ये एक चकती असते. वयाबरोबर चकतीतील पाणी कमी होते, ती चपटी होते, आणि पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी हालचाल व ताण जास्त असल्यामुळे ती झीज तेथे सहसा आधी दिसते. ही चकती पुन्हा फुगत नाही, म्हणून गॅप भरून येते का या तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्र मान बरी होण्यासाठी ती भरून येण्याची गरजही नसते. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले होते आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांपैकी ८७.६ टक्के माणसांची एखादी तरी चकती बाहेर आलेली आढळली. ही सगळी माणसे ठणठणीत होती. तुमच्या वयाच्या दहा निरोगी बायकांचे एक्स-रे काढले, तर त्यांतील बऱ्याच जणींच्या अहवालात तुमच्यासारखीच वाक्ये येतील. बाक सरळ होणे हे तर पुष्कळदा स्नायू आखडल्यामुळे किंवा एक्स-रे काढताना हनुवटी किती खाली होती यामुळेही दिसते.

मग दुखते काय? तुमच्या वर्णनावरून मुख्यतः मानेच्या मागचे आणि खांद्याचे स्नायू दुखत असावेत. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते मणक्यांवर सरळ तोललेले असते तेव्हा स्नायूंना फारसे काम नसते. पण मान पुढे झुकली की तेच वजन मागच्या स्नायूंना लगाम खेचावा तसे धरून ठेवावे लागते. पाण्याची भरलेली कळशी कमरेवर घेणे वेगळे आणि हात लांब करून धरणे वेगळे, तसाच हा प्रकार आहे. तीन-चार तास एकाच जागी वाकून राहिलेला स्नायू थकतो, आखडतो आणि दुखतो.

मुंग्यांबद्दल मात्र थोडे थांबून पाहावे लागेल. अंगठा आणि तर्जनी ही मानेतून निघणाऱ्या सहाव्या मज्जातंतूची बाजू आहे, त्यामुळे एक्स-रेशी ते जुळते असे कोणालाही वाटेल. परंतु रात्री झोपेतून उठवणाऱ्या आणि करंगळी सोडून बाकीच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या मनगटात नस दबल्यामुळेही येतात, आणि रोज तासन्‌तास कात्री चालवणाऱ्या हाताच्या बाबतीत ती शंका आधी घ्यायला हवी. घरी एवढे पाहा: मुंग्या आल्यावर हात झटकून बरे वाटते का, की तळहात डोक्यावर ठेवल्यावर बरे वाटते? झटकून बरे वाटत असेल तर दोष बहुधा मनगटात असतो आणि हात डोक्यावर ठेवून बरे वाटत असेल तर मानेत. हे केवळ अंदाजापुरते आहे, निदान प्रत्यक्ष तपासणीनेच होते.

पट्टा पहिल्या तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस, तोही थोडा वेळ, आधार म्हणून लावायला हरकत नाही. तीन महिन्यांच्या दुखण्यात त्याचा उपयोग नाही. ज्या स्नायूंना बळ द्यायचे त्यांनाच आपण रजेवर पाठवतो. त्याऐवजी व्यायाम करा. पहिला व्यायाम हनुवटी मागे नेण्याचा. कढईत मिरचीची फोडणी पडली की आपण चेहरा जसा सरळ मागे घेतो, तसाच घ्यायचा. हनुवटी खाली दाबायची नाही आणि वरही उचलायची नाही. पाच सेकंद थांबून सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा, तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला हलकेच रेटायचे, पण मान हलू द्यायची नाही. मग असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. तिसरा, खांद्यांची पाती मागे आणि खाली ओढून धरायची. हे आठवडाभर जमले की दाराच्या कडीला व्यायामाचा रबरी पट्टा बांधून हात मागे ओढण्याचा व्यायाम सुरू करावा, कारण नुसते ताण देणे पुरत नाही, स्नायू बळकट करावे लागतात. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभर मान आणि खांदे बळकट करणाऱ्या गटांचे दुखणे, केवळ ताण देण्याचे व चालण्यासारखे व्यायाम सांगितलेल्या गटापेक्षा पुष्कळच कमी झाले होते.

व्यायामानंतर स्नायू थोडे अंबले तर चालेल. हातात खालपर्यंत कळ उतरू लागली किंवा मुंग्या वाढल्या तर मात्र तो व्यायाम थांबवा. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागेल, त्याआधी निकाल मागू नका.

जुना कारागीर (सोलापूर)

वरील उत्तरातील वैद्यकीय भागावर मी बोलणार नाही. मी ३८ वर्षे शिलाईकाम केले आहे आणि माझीही मान पंचेचाळिशीत अशीच धरली होती. ताईंनी कामाची मांडणी कशी आहे हे लिहिलेले नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मे दुखणे तिथेच असते.

पायमशीन ज्या उंचीवर कारखान्यातून येते, त्याच उंचीवर ती आपण आयुष्यभर वापरतो. तुम्ही बसल्यावर कोपर जेथे येते त्यापेक्षा मशिनीची पाटी साधारण चार बोटे वर असावी, म्हणजे सुईपर्यंत नजर जाण्यासाठी मान दुमडावी लागत नाही. मी मशिनीच्या चारही पायांखाली सागाचे ठोकळे बसवले आणि मागचे दोन ठोकळे किंचित उंच ठेवले, त्यामुळे पाटी माझ्याकडे थोडी उतरती झाली. ठोकळ्यांना पायाच्या मापाची खाच पाडून घ्या, नाहीतर मोटर सुरू होताच मशीन सरकते. पायटा वर गेल्यामुळे स्टूलही त्या मानाने बदलावे लागेल. खांदे कानाकडे उचलले जाऊ लागले तर समजावे की उंची जास्त झाली.

खरा घात हातशिलाईत होतो, हे ताईंनी बरोबर ओळखले आहे. मांडीवर कापड घेतले की मान जाणारच. माझ्या पत्नीने यावर काढलेला उपाय मला आजही सर्वांत चांगला वाटतो: मांडीवर लोड घ्यायचा, त्यावर पोळपाटाएवढी फळी ठेवायची आणि दोन्ही कोपरे लोडावर टेकवून कापड छातीच्या उंचीवर आणायचे. पाठ भिंतीला टेकलेली असावी. पहिले दोन दिवस टाके वेडेवाकडे पडतील, पण मग हाताला सवय होते. सुईत दोरा ओवताना तर आपण श्वास रोखून, मान तिरकी करून, एक डोळा मिटून बसतो. तेव्हा सकाळी उजेड चांगला असताना दहा-बारा सुया एकदमच ओवून गादीला टोचून ठेवाव्यात.

कटिंग जमिनीवर करीत असाल तर ते आजच बंद करा. जेवणाच्या टेबलावर किंवा ओट्यावर, उभ्याने करा. आणि चष्म्याचे पाहा. दोन भिंगांचा चष्मा असला की खालच्या भिंगातून टाका दिसावा म्हणून हनुवटी वर करावी लागते आणि मानेचे हाल होतात. मी चष्मेवाल्याकडे फूटपट्टी घेऊन गेलो होतो आणि सुई ते डोळा हे अंतर त्याला मोजून दाखवून केवळ कामापुरता वेगळा चष्मा करून घेतला. तो हसला, पण चष्मा उत्तम झाला.

विश्रांतीसाठी घड्याळ लावून आमच्या धंद्यात कोणी उठत नाही. मी बॉबिन संपली की उठायचो. बॉबिन भरायची, घोटभर पाणी प्यायचे, खांदे फिरवायचे, मग बसायचे.

निवृत्त कारकून (डोंबिवली)

मी पट्ट्याच्या बाबतीत थोडे वेगळे मत मांडू इच्छितो. मी तो तब्बल आठ महिने लावला आणि त्यामुळे मान इतकी दुबळी झाली की पट्टा काढला की डोके जड वाटू लागे, हे खरे आहे. तरीही खाचखळग्यांच्या रस्त्यावरून बसने किंवा रिक्षाने जाताना तो लावण्याचा मला फायदा झाला, म्हणून त्याला पूर्णपणे निकालात काढू नये.

झटक्याचा मात्र मी स्वतः अनुभव घेतला आहे. केस कापून झाल्यावर चंपी करताना कारागिराने दोन्ही बाजूंना मान कडाडून मोडली. कडकड आवाज झाला, क्षणभर बरे वाटले आणि घरी पोहोचेपर्यंत गरगरू लागले. दोन दिवस अंथरुणावर काढले. पुढे काही झाले नाही हे माझे नशीब.

उशीबद्दल लोक दोन टोकांचे सल्ले देतात. उशी सोडून दिल्यावर माझे दुखणे वाढले. शेवटी जे जमले ते असे: कुशीवर झोपताना खांदा आणि कान यांमधली पोकळी भरून निघेल एवढीच उशी, आणि उताणे झोपताना पातळ उशीच्या खालच्या कडेशी जुन्या सुती साडीची गुंडाळी, मानेच्या खळगीत बसेल अशी. पालथे झोपणे मी प्रयत्नाने सोडले. शेकाने मला रोज आराम पडत असे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, आणि लगेच त्यापाठोपाठ व्यायाम.

मानेची व्यायामचिकित्सा (फिजिओथेरपिस्ट)

काकांचा बसप्रवासाचा मुद्दा मला मान्य आहे. तासाभरासाठी लावलेल्या पट्ट्याने स्नायू दुबळे होत नाहीत, तो दिवसभर लावल्याने होतात. शेक आणि त्यापाठोपाठ व्यायाम हा क्रमही योग्य आहे. वजन लावून मान ताणण्याविषयी कोणी विचारण्याआधीच सांगतो: हातात कळ उतरत असलेल्या काही रुग्णांना त्याने तात्पुरता आराम मिळतो, परंतु ते तपासणीनंतर आणि देखरेखीखालीच करावे, दाराला दोरी बांधून घरी करू नये. सोलापूरच्या काकांनी सांगितलेली लोड आणि फळीची युक्ती मी उद्यापासून माझ्या रुग्णांना सांगणार आहे.

कौटुंबिक डॉक्टर (सातारा जिल्हा)

झटक्याबद्दल अधिक स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून वर जातात. मान अचानक पिरगळली की त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते. पण ज्या दुखण्यातून बहुतेक माणसे साध्या उपायांनी बाहेर येतात, त्यासाठी हा धोका कोणी का पत्करावा? शिवाय ‘नस बसवणे’ असे काही शरीरात घडत नाही. तो कडकड आवाज सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, बोटे मोडल्यावर येतो तसाच.

ताई, तुमच्या वर्णनात धोक्याचे असे काही मला दिसत नाही, तरीही काही गोष्टींवर लक्ष ठेवा. एरवी सहज जमणारे बारीक काम हाताला जमेनासे झाले, म्हणजे सुई बोटांतून निसटू लागली, हूक लावताना बोटे चुकू लागली, चालताना तोल जाऊ लागला, पाय जड वाटू लागले किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर मज्जारज्जूवर दाब येत असल्याची शक्यता असते आणि त्यात एक दिवसही दवडू नये. इतरांना हे शर्टाची बटणे लावताना कळते, तुम्हाला ते काज करताना कदाचित आधीच कळेल. हाताची ताकद कमी होणे, तापासह मान ताठणे, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, कारण नसताना उतरणारे वजन, रात्रंदिवस सारखेच राहणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर लगेच दाखवावे. मान किंवा जबडा दुखत असताना छातीत दडपण, घाम आणि धाप असेल तर तो मानेचा विषय नसून हृदयाचा असू शकतो; तेव्हा शेकत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना त्या बाधतात. रक्तातील साखर एकदा तपासून घ्या आणि मुंग्यांसाठी मनगटाची तपासणी अवश्य करा. मधुमेह किंवा थायरॉइडची तक्रार असलेल्यांमध्ये मनगटातली नस दबण्याचे प्रमाण अधिक असते.

सुईदोरा (मिरज)

सात आठवड्यांनी लिहीत आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, पण लग्नाच्या तिथी टळत नाहीत.

मुंग्या मनगटाच्याच निघाल्या. हात झटकला की त्या जात, डोक्यावर ठेवून काही फरक पडत नसे. नसांची चाचणी केल्यावर उजव्या मनगटात नस दबल्याचे नक्की झाले आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी आधारपट्टी बांधायला सांगितले. तीन आठवड्यांत रात्रीची जाग थांबली. साखर ठीक आहे. म्हणजे एक्स-रेमधला मणका आणि बोटांतल्या मुंग्या यांचा संबंध मी उगाचच लावून घेतला होता आणि त्या भीतीने मान हलवायचीही टाळत होते.

मान पूर्ण बरी झालेली नाही. सकाळचे आखडणे गेले, दिवसा दुखणे निम्म्याहून कमी झाले, पण सलग दोन तास फॉल लावला तर अजूनही पात्याच्या कडेला कळ येते. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नव्हता, उलट खांदे अंबले होते, आणि तेव्हा मी व्यायाम सोडण्याच्या बेतात होते. पट्टा आता फक्त कोल्हापूरच्या बसमध्ये लावते. काकूंना झटक्याबद्दल डॉक्टरांनी लिहिलेले वाचून दाखवले; त्या रागावल्या, पण स्वतःही गेल्या नाहीत.

ठोकळे सुताराकडून खाच पाडून घेतले. सागाऐवजी बाभळीचे मिळाले. पहिल्या दिवशी पायटा इतका वर वाटला की मशीन उलटी फिरून दोरा तुटत राहिला, तेव्हा स्टुलावर जुनी गादी दुमडून टाकली आणि मग जमले. लोड आणि फळीवर हूक लावणे आता सवयीचे झाले आहे. दहा सुया ओवून ठेवण्याचे काम माझी धाकटी मुलगी शाळेत जाण्यापूर्वी करते आणि सुईमागे एक रुपया घेते.

एक शंका मात्र उरली आहे. व्यायामाचा रबरी पट्टा ओढताना उजव्या खांद्यात कट्ट असा आवाज येतो, दुखत मात्र नाही. तो ओढत राहावा की हलका पट्टा घ्यावा?

मानेची व्यायामचिकित्सा (फिजिओथेरपिस्ट)

दुखत नसेल तर नुसत्या आवाजाची काळजी करू नका. पट्टा तोच ठेवा, फक्त ओढताना कोपर अंगाजवळ राहू द्या आणि परत सोडताना तो सावकाश सोडा. आवाज बहुधा तो झटकन सोडल्यामुळे येत असेल. फॉल लावताना दोन तासांची मर्यादा तुम्हाला आता कळलीच आहे, तर सध्या पाऊण तासाला थांबा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत जा.

जुना कारागीर (सोलापूर)

बाभळीचे ठोकळे पावसाळ्यात फुगतात. त्यांना खालून मेण किंवा जवसाचे तेल लावून ठेवा, नाहीतर आषाढात मशीन डगमगेल.